सकाळी अडणारा गिअर, घाटात जळणारा क्लच: गाडीच्या तापमानाचं गणित

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या सुरू झाल्या की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. सकाळी गाडी काढली की पहिल्यावरून दुसरा गिअर पडत नाही, लिव्हर मध्येच अडतो, जोर लावला तर कर्र आवाज येतो. ऑफिसपर्यंत पोचेस्तोवर मात्र सगळं सुरळीत. मे महिन्यात तक्रार उलटी होते: सकाळी गाडी छान असते, पण घाट चढून वर गेल्यावर क्लच मऊ पडतो, जळका वास येतो, रिव्हर्स टाकताना दात घासल्याचा आवाज येतो.

दोन्ही वेळा मालक घाबरतो. ‘गिअरबॉक्स उतरवून बघू’ हे वाक्य ऐकलं की त्याला आधी खर्च दिसतो. थंडीतल्या तक्रारीसाठी गिअरबॉक्स उघडण्याची गरज बहुतेक वेळा नसते. उन्हाळ्यातली तक्रार मात्र अनेक जण ‘गरमी आहे, होणारच’ म्हणून सोडून देतात आणि तिथे खरं नुकसान होतं. हा फरक ओळखता यावा म्हणून आत काय घडतं ते आधी पाहू.

इंजिनापासून चाकापर्यंत

इंजिनाची ताकद थेट चाकाला जात नाही. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिला क्लच प्लेट घट्ट चिकटते आणि ते फिरणं गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला देते. तिथून गिअर, मग डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर), मग ड्राइव्ह शाफ्ट आणि शेवटी चाकं. या सगळ्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात. मॅन्युअल गाडीत या साखळीवर तुमचा डावा पाय आणि डावा हात सतत असतात, म्हणून तिच्यातला बारीकसा बदलही लगेच जाणवतो.

तापमान बदललं की या साखळीत तेलाचा दाटपणा बदलतो, घासणाऱ्या पृष्ठभागांची पकड बदलते आणि धातूंची मापं किंचित बदलतात. थंडीच्या तक्रारींमागे मुख्यतः तेल असतं, उन्हाळ्याच्या तक्रारींमागे मुख्यतः पकड. मापांचा वाटा लहान आहे, पण आवाजाच्या बाबतीत तो उपयोगी पडतो.

थंडीत तेल किती दाट होतं?

गिअरबॉक्समधलं तेल इंजिन ऑइलहून वेगळं असतं. एकमेकांवर दाबाने घासणाऱ्या दातांमध्ये त्याला टिकून राहायचं असतं. काकवीची बरणी थंडीत तिरपी केली तर धार यायला वेळ लागतो आणि तीच बरणी उन्हात ठेवली तर काकवी भराभर वाहते. गिअर ऑइलचंही तसंच, फक्त फरक फार मोठा.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइलचं उदाहरण घेऊ. दाटपणा सेंटीस्टोक या एककात मोजतात. आकडा जितका मोठा, तितकं तेल दाट. या तेलाचा आकडा १०० अंश सेल्सिअसला १५च्या आसपास असतो, ४० अंशांना साधारण १४०. तेच तेल १० अंशांवर आणलं की आकडा हजाराच्या घरात जातो. चालून तापलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल ८० अंशांच्या आसपास असेल असं धरलं, तर थंडीतल्या पहाटे ते त्याच्या चाळीसएक पट दाट असतं.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, आपल्याला काय त्याचं?’ असं अनेकांना वाटतं. पण तेल गोठण्याची गरजच नाही. नाशिक, पुणे, महाबळेश्वर, गोंदिया इथली आठ-दहा अंशांची पहाट एवढा फरक पाडायला पुरेशी आहे. मुंबईत किंवा पणजीत हा त्रास सहसा जाणवत नाही, कारण तिथली पहाट सहसा इतकी गार नसते.

हे दाट तेल जाणवून घ्यायचं असेल तर थंडीत पहाटे एक करून पाहा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रलला. क्लच पूर्ण दाबून गाडी सुरू करा आणि इंजिन स्थिर झालं की क्लच हळूहळू सोडा. जुन्या गाडीत आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा किंचित खाली येतो, इंजिनाचा आवाज क्षणभर जड होतो आणि मग ते सावरतं. गाडी तर न्यूट्रलला आहे, चाकं फिरत नाहीत, मग ओझं कसलं? क्लच सोडताच इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेले गिअर त्या दाट तेलात फिरू लागले, त्याचं ते ओझं. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर लगेच आरपीएम सावरून घेतो, त्यामुळे तिथे ते कमी दिसतं.

मग लिव्हर नेमका कशाला अडतो?

दाट तेलात गिअर फिरवायला ताकद लागते हे ठीक, पण हाताला जो अडथळा लागतो तो वेगळ्या ठिकाणी असतो. त्यासाठी सिंक्रो रिंग समजून घ्यावी लागते.

समजा पहिल्या गिअरमध्ये इंजिन ३००० आरपीएमवर आहे. त्याच वेगाने जाताना दुसरा गिअर पडला तर इंजिन १६००-१७००च्या आसपास असायला हवं. म्हणजे क्लच दाबल्यापासून गिअर पडेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात इनपुट शाफ्टचा वेग जवळपास निम्मा व्हायला हवा. हे काम सिंक्रो रिंग करते. बहुतेक वेळा ही पितळी कडी असते, आतून निमुळती, त्यावर बारीक खाचा. लिव्हर ढकलला की ती गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घासते आणि दोघांचा वेग एक करते. वेग एक होईपर्यंत ती दातांची वाट अडवून ठेवते. हाताला लागतो तो अडथळा हाच, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. तो नसता तर दर वेळी दात दातांवर आदळले असते. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय गाड्यांत आणली. त्याआधी ड्रायव्हरला क्लच दोनदा दाबून आणि ॲक्सिलरेटर देऊन वेग स्वतःच जुळवावा लागे.

कडी घासायची तर मधलं तेल बाजूला सरकायला हवं. त्या बारीक खाचा त्यासाठीच असतात. तेल पातळ असेल तर ते पापणी लवायच्या आत खाचांतून निघून जातं आणि धातूला धातूची पकड मिळते. तेल दाट असेल तर कडी काही क्षण तेलाच्या थरावर नुसती घसरत राहते. वेग जुळायला उशीर होतो, तोवर वाट बंद राहते. तुम्ही नेहमीच्या सवयीने लिव्हर ओढता आणि तो अडतो. जोर लावला तर वेग जुळायच्या आत दात भिडतात आणि कर्र आवाज येतो.

दुसऱ्या गिअरचीच तक्रार सर्वांत जास्त का? पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधलं अंतर सगळ्यांत मोठं असतं, म्हणून तिथल्या कडीला सगळ्यांत जास्त वेग कमी करावा लागतो. चौथ्यावरून पाचवा टाकताना फरक थोडा असतो, म्हणून तो थंडीतही बिनतक्रार पडतो. खाली येताना, म्हणजे तिसऱ्यावरून दुसरा टाकताना, उलटी अडचण असते. तिथे शाफ्टचा वेग वाढवायचा असतो आणि दाट तेल त्याला मागे ओढत असतं. त्यामुळे थंड गाडी सिग्नलला हळू करताना दुसरा गिअर जास्त कुरकुरतो.

उपाय साधा आहे: पहिले काही किलोमीटर हात हळू चालवा. न्यूट्रलमधून जाताना क्षणभर थांबा, लिव्हरवर हलका पण सतत दाब ठेवा, कडीला तिचं काम करू द्या. गिअर आपणहून आत सरकतो. आदळून टाकलेला प्रत्येक गिअर त्या कडीचे दात थोडे थोडे खातो.

‘पण ही तर नवीकोरी गाडी आहे’

नव्या गाडीतही असं होतं, कधी कधी जास्त होतं, कारण कडी आणि गिअर एकमेकांना अजून बसलेले नसतात. हल्ली बऱ्याच गाड्यांत खालच्या गिअरांना दुहेरी किंवा तिहेरी घासणपट्टा असलेल्या सिंक्रो रिंग देतात. तिथे त्रास कमी होतो, पण पूर्ण जात नाही. गाडी तापल्यावरही दुसरा गिअर अडत असेल तर मात्र ती गॅरंटीत दाखवायची गोष्ट आहे.

मोटरसायकलवाल्यांना याचीच धाकटी बहीण रोज सकाळी भेटते. बहुतेक मोटरसायकलींच्या क्लच प्लेटी इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. थंड, दाट तेल त्या प्लेटींना एकमेकींना चिकटवून ठेवतं. म्हणून क्लच दाबलेला असूनही पहिला गिअर टाकताच गाडी ‘ठक्’ करून पुढे झेपावते. दोन-चार मिनिटांनी ते आपोआप थांबतं.

सकाळी दहा मिनिटं गाडी सुरू ठेवली तर?

त्याने डिझेल-पेट्रोल जळेल, गिअरबॉक्स तापणार नाही. इंजिनात इंधन जळतं, म्हणून ते स्वतः तापतं. गिअरबॉक्समध्ये काहीही जळत नाही. दात घासून, तेल घुसळलं जाऊन आणि शेजारच्या इंजिनाची धग लागून तो हळूहळू ऊब धरतो. उभ्या गाडीत दातांवर ओझंच नसतं, त्यामुळे ऊब नगण्य. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे गाडी तापली असं आपण धरतो, पण तो काटा इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवतो. गिअर ऑइल त्याच्या बरंच मागे रेंगाळत असतं.

गाडी सुरू करा, इंजिनाचा सुरुवातीचा वाढलेला आरपीएम खाली येऊ द्या, आणि निघा. पहिली पाच-सात किलोमीटर सौम्य चालवा.

त्या वाढलेल्या आरपीएमचाही जाणिवेशी संबंध आहे. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त इंधन देतो आणि आयडलिंग वर ठेवतो. त्यामुळे सकाळी क्लच सोडताना गाडी नेहमीपेक्षा जोरात पुढे जाते आणि क्लच ‘वर आला’ असं वाटतं. क्लच तिथेच असतो, इंजिन जोरात फिरत असतं.

घाटातला वास: क्लचमध्ये नेमकं काय तापतं

आता उन्हाळ्याकडे येऊ. इथे माझं सांगणं जास्त कळकळीचं आहे, कारण इथे पैसा खरोखर जळतो.

रविवारी सकाळी सिंहगडावर गाड्यांची रांग लागते. चढ, वळणं, समोरची गाडी दर दहा फुटांवर थांबते. मागे गाडी चिकटलेली, म्हणून मागे सरकायची भीती. मग बहुतेक जण हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात: ब्रेक नाही, हँडब्रेक नाही, फक्त क्लच अर्धा सोडून आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन. गाडी जागच्या जागी उभी राहते आणि चालवणाऱ्याला आपलं कौशल्य वाटतं.

त्या वेळी आत काय होतं त्याचा हिशोब करू. माणसं धरून साडेतेराशे किलोची छोटी गाडी, दर दहा मीटरला एक मीटर चढ, इंजिन १५०० आरपीएमवर. गाडी मागे सरकू नये म्हणून क्लचला धरावा लागणारा जोर पहिल्या गिअरमध्ये साधारण २७ न्यूटन-मीटर येतो. फ्लायव्हील १५००ने फिरतंय आणि क्लच प्लेट स्थिर आहे. इंजिनाची जी ताकद चाकाकडे जायची, ती पूर्ण घर्षणात जाते: चार किलोवॅटहून थोडी जास्त. अर्ध्या मिनिटात सव्वा लाख ज्यूल उष्णता. एवढ्या उष्णतेने पाच किलो ओतीव लोखंड पन्नास अंशांनी तापतं, आणि हे सरासरी तापमान झालं. प्रत्यक्ष घासणारा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. क्लच एका बंद घरात असतो, वारा लागत नाही, त्यामुळे निवायला बराच वेळ लागतो. रांग पुन्हा हलते, पुन्हा थांबते, आणि पुढचे पन्नास अंश आधीच्या पन्नासांवर चढतात.

क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असतं. ते तंतू आणि राळेसारख्या चिकट द्रव्याने बांधलेलं असतं. तापमान अडीचशे-तीनशे अंशांकडे गेलं की ते द्रव्य जळू लागतं, आणि तोच तो उग्र वास. त्याच वेळी पकड कमी होते: ॲक्सिलरेटर दाबला तर आरपीएम वाढतो पण गाडी त्या मानाने उचलत नाही. घाबरून माणूस आणखी ॲक्सिलरेटर देतो आणि क्लच आणखी घसरतो.

वास आला म्हणजे क्लच गेला का? एकदा वास आला आणि गाडी थांबवून निवू दिली, तर बहुधा वाचतो. अस्तर थोडं झिजलं, एवढंच. पण वास येत असताना गाडी तशीच रेटली तर अस्तर चकचकीत, काचेसारखं गुळगुळीत होतं, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात, क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट वाकडी होऊ शकते. मग थंड झाल्यावरही क्लच थरथरतो आणि घसरतो. वास आला की बाजूला घ्या, गिअर न्यूट्रलला, क्लचवरचा पाय काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक लावा. समोरच्या गाडीला एक गाडीभर अंतर पुढे जाऊ द्या, मग एकदाच नीट उठा.

क्लच पेडल मऊ का पडतं?

काही गाड्यांत क्लच केबलने चालतो, काहींत ब्रेकसारखा तेलाच्या दाबाने. दुसऱ्या प्रकारात आणखी एक गोम आहे. त्यात ब्रेक फ्लुइडच असतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ दर्जाचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत उतरू शकते. डॉट-३ची तर ताज्याला २०५ आणि ओल्याला १४०. आपल्या पावसाळी हवेत दोन-तीन वर्षं न बदललेलं फ्लुइड आणि शेजारी तापलेला क्लच, असं जुळून आलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दबतात, त्यामुळे पेडल दाबलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर घट्ट पडतात, रिव्हर्स कर्र वाजतो. गाडी निवली की सगळं ठीक, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. फ्लुइड बदलायचा खर्च क्लच बदलण्याच्या मानाने किरकोळ आहे. गाडीच्या माहितीपुस्तिकेतली, म्हणजे मॅन्युअलमधली मुदत पाळा.

रिव्हर्स आणि न्यूट्रलची खडखड

तेल पातळ झाल्याने होणारे दोन त्रास असे आहेत, ज्यांत बिघाड असेलच असं नाही.

अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्ट काही क्षण आपल्या वेगाने फिरत राहतो. थंड, दाट तेल त्याला पटकन थांबवतं. गरम, पातळ तेलात तो जास्त वेळ फिरतो. म्हणून इथे उलटं दिसतं: सकाळी रिव्हर्स शांत पडतो, दुपारी कर्र करतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, किंवा आधी एखादा पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्स टाका. पुढच्या गिअरची सिंक्रो रिंग शाफ्टला थांबवून देते.

दुसरा त्रास, गरम डिझेल गाडी न्यूट्रलला उभी असताना येणारी खडखड. इंजिनाचे हादरे शाफ्टपर्यंत येतात आणि मोकळे गिअर दातांतल्या बारीकशा जागेत आपटतात. दाट तेल हा आवाज गिळतं, पातळ तेल गिळत नाही. शिवाय गिअरबॉक्सचं घर ॲल्युमिनियमचं आणि शाफ्ट पोलादाचे. ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम झाल्यावर आत किंचित जागा वाढते.

क्लच दाबून पाहा. दाबल्यावर आवाज थांबला तर तो गिअरबॉक्सच्या बाजूचा: साधी खडखड, किंवा शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर संशय घ्या.

कोकणातली थरथर

पावसाळ्यात आठवडाभर अंगणात उभी राहिलेली गाडी काढली की पहिल्या दोन-चार वेळा क्लच सोडताना ती थरथरते. हे तापमानापेक्षा दमटपणामुळे होतं: फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ पापुद्रा चढतो, अस्तर ओल धरतं. थोडं चाललं की घासून जातं. महिनोन्महिने उभ्या गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसल्याची उदाहरणंही आहेत, म्हणून मुंबईहून गावी ठेवलेली गाडी अधूनमधून चालवायला कुणाला तरी सांगून ठेवा.

‘पातळ तेल टाकलं तर थंडीचा प्रश्नच मिटेल ना?’

काही अंशी. सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० तेल १० अंशांवर ८०डब्ल्यू-९०च्या निम्म्याच्या आसपास दाट असतं आणि १०० अंशांवर दोन्ही सारखीच. पण कंपनीने सांगितलेल्या ग्रेडच्या बाहेर जाऊन केवळ पातळ म्हणून तेल निवडू नका. मेच्या दुपारी चंद्रपूरच्या ४५-४६ अंशांत, घाटाच्या ओझ्याखाली, दातांमध्ये टिकणारा थर लागतो.

त्याहून मोठी चूक गिअर ऑइलच्या जीएल-४ दर्जाच्या जागी जीएल-५ दर्जाचं तेल टाकण्याची. आकडा मोठा म्हणून तेल चांगलं, असा समज दुकानांत सर्रास आढळतो. जीएल-५मध्ये जास्त दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं अधिक असतात. ती मागच्या डिफरन्शियलला उत्तम, पण काही गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या पितळाला मानवत नाहीत, आणि कडीला लागणारं घर्षणही कमी करतात. म्हणजे गिअर घट्ट पडतो म्हणून ‘भारी’ तेल टाकायचं आणि तो आणखी घट्ट करून घ्यायचा. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाका.

आणि उन्हाळ्यात पिकअप कमी का?

हे काम ड्राइव्हट्रेनचं नाही, पण दोष बहुधा क्लचलाच दिला जातो. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी विरळ असते. तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी ताकद कमी. त्यात एसीचं ओझं. पिकअप कमी पण आरपीएम आणि वेग बरोबर वाढत असतील, तर क्लच ठीक आहे.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

सकाळी घट्ट आणि तापल्यावर मोकळं, याला बहुतेक वेळा तेल जबाबदार. सकाळी ठीक आणि तापल्यावर घट्ट, घसरतं किंवा मऊ, असं असेल तर गाडी लगेच दाखवा. थंड-गरम दोन्हीत सारखाच त्रास असेल तर सिंक्रो, लिंकेज (लिव्हर आणि गिअरबॉक्समधली जोडणी) किंवा क्लचचं सेटिंग तपासायला हवं. नुसतं ‘गिअर नीट पडत नाही’ असं सांगण्यापेक्षा कोणता गिअर, चढता की उतरता, किती चालल्यावर, हे सांगितलंत तर मेकॅनिकचं निम्मं काम होतं. तक्रार गरम गाडीची असेल तर गाडी सोडून चावी देऊन येऊ नका. ती तासाभरात निवते आणि ट्रायलला निर्दोष चालते. वीस-पंचवीस मिनिटं चालवून तापलेली गाडी घेऊन जा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तिथूनच पुढे चढावर न्या. थंडीची तक्रार असेल तर गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा ती त्यालाच सुरू करू द्या.